कार्डवाले काही विचारत नाहीत

सोमवार, २ मार्च

तिकिटं निघाली. मुंबई ते एडिंबरा, मेचा दुसरा आठवडा, मध्ये एकदा विमान बदलायचं. वि.नी स्वतः बसून काढली, स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. "झालं," म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. संसार सुरू झाल्यापासून या माणसाने मला न्यायचं ते कायम पुढच्या वर्षी. आता एकदम तिकिटंच. मी दोनदा नाव तपासलं, माझंच आहे ना म्हणून.

मुक्ताला फोन केला. लेक तिकडे सकाळी उठते तेव्हा आमची जेवणं आटोपलेली असतात. "आई, खरंच? बाबांनी काढली?" तिचाही विश्वास नाही.

नोकरीभर फळ्यावर दऱ्या काढल्या. नदीची व्ही, हिमनदीची यू. नववीच्या प्रत्येक वर्गाला. एकाही मुलीने विचारलं नाही, बाई तुम्ही पाहिलीत का. नशीब. मु. म्हणते तिच्या घरापासून गाडीने निघालं की दुपारच्या जेवणापर्यंत त्या दरीत.

मी विम्याचा विषय काढला. वि.: "कार्डावर फुकट आहे की. पन्नास लाखांचं कव्हर. वेगळा कशाला?"

बरं.

बुधवार, ४ मार्च

धुळवड. खाली पोरं रंग खेळतायत, मी दार लावून कार्डाच्या अटी वाचल्या. संकेतस्थळावरून उतरवून घेतल्या, अक्षर मुंगीएवढं, भिंग घेतलं. शाळेत सिस्टर ॲग्नेस उतारा द्यायच्या आणि म्हणायच्या, आधी वाक्याचा कर्ता शोधा. त्यांचे उपकार. इथे कर्ता शोधता शोधता दुपार गेली.

पन्नास लाख कशाचे? विमान पडून मेलो तर. फक्त तेव्हा. म्हणजे आम्ही जमिनीवर धडधाकट उतरलो की कव्हर संपलं. परक्या देशात आजारी पडलो तर वेगळी ओळ, वेगळी लहानशी रक्कम, आणि पुढे "आधीपासूनचे आजार वगळून". या वयात आधीपासूनचं काही नाही असा माणूस इंदिरानगरात एक दाखवा.

वि.ना वाचून दाखवलं. द्राक्षं खात होते. "अगं, कोण आजारी पडतंय दोन आठवड्यांत?"

"आणि पडलं तर?"

"कार्डवाले काही विचारत नाहीत, ते बरं. ते दुसरे शंभर प्रश्न विचारतात."

हे काय कारण झालं? लग्न ठरवताना मुलाकडचे सांगतात तसं.

शुक्रवार, ६ मार्च

आज कार्डाच्या मदत क्रमांकावर फोन. बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक मुलगा. त्याला माझ्या कार्डाचा नंबर दिला.

"मॅडम, तुमचं ॲड-ऑन कार्ड आहे. कव्हर प्रायमरी कार्डहोल्डरला. म्हणजे सरांना."

"माझं तिकीट त्याच कार्डावर काढलंय."

"हो मॅडम. पण प्रायमरी सर आहेत."

"विमान एक. खुर्च्या शेजारी शेजारी. ते पडलं तर सरांचं पडणार आणि माझं तरंगत राहणार का?"

मग अतिशय नम्रपणे, "मॅडम, सरांशी बोलता येईल का?"

मी पदवीधर, बी.एड., पेन्शनर. स्वतःच्या सहीने आयकर भरते. आणि इतकी वर्षं पाकिटात जे मिरवत होते ते पुरवणी. फोन ठेवून ते कार्ड पालथं घातलं. माझं नाव आहे त्यावर, ठसठशीत अक्षरांत. कर्ता नव्हे.

रविवार, ८ मार्च

रंगपंचमी. मु.चा व्हिडिओ कॉल. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, इथे पाहुण्यांना हॉस्पिटल फुकट नाही. वेगळा विमा काढा दोघांचा, वयस्कर लोकांचा असतो तो. जरा महाग पडेल, पडू दे."

वि. फोनमध्ये डोकं घालून: "तुझ्या आईचा काढू. ती पुरवणी आहे ना. माझं कार्डावर भागेल."

"बाबा, तुमचं तर आधी काढायला हवं. बीपी तुम्हाला आहे."

"बीपी काय, सगळ्यांनाच असतं."

मला संताप आला तो याचा, की माझ्यासाठी लगेच पैसे काढायला तयार झाले. एका शब्दाने घासाघीस नाही. वीज मंडळात जन्म गेला, एक दिवा जास्त जळला तर उठून बंद करणारा माणूस. माझ्या विम्याला हो, स्वतःच्याला नाही. कंजूषपणा समजू शकते. हा कसला उलटा कंजूषपणा?

दरवर्षी रंगपंचमीला हे जुन्या नाशकात रहाडीत उडी मारायला जातात. कॉलेजात असताना देवळ्याहून येऊन इथे राहिले तेव्हापासूनचं वेड. रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या हौदातून संध्याकाळी असे परत येतात की आठवडाभर उशीला रंग. यंदा गेले नाहीत. "रस्ते खणलेत कुंभासाठी, कोण जाईल." घरी बसून टीव्हीवर पाहिलं.

मंगळवार, १० मार्च

वेगळा विमा. मु.ने तिकडून स्क्रीन धरली, मी इकडून माहिती दिली. दोघांचा. वि.ना विचारलं नाही. पासपोर्ट कपाटात होते, बीपीच्या गोळीचं नाव मला पाठ आहे. माणसाची परवानगी कशाला लागते?

लागते म्हणे. बीपी लिहिल्याबरोबर निरोप आला: कंपनीचा माणूस फोनवर अर्जदाराशी स्वतः बोलेल. प्रकृतीबद्दल. पत्नीने उत्तरं दिलेली चालत नाहीत.

इथे पत्नी पुरवणीसुद्धा नाही.

संध्याकाळी वि.ना सांगितलं. रागावले. खरंच रागावले. "न विचारता कशाला भरलंस?" ताटावरून उठले नाहीत, पण भाकरी तशीच राहिली.

गुरुवार, १२ मार्च

कंपनीच्या मुलीचा फोन काल आला, वि. गच्चीवर. आज सकाळी आला, वि. अंघोळीला. दुपारी आला, वि. झोपलेले. दुपारी न झोपणारा माणूस. मी फोन तोंडासमोर धरला तर डोळे मिटून हात हलवला.

मुलगी गोड आहे. पूजा नाव. "काकू, सर कधी मोकळे असतात?" मी म्हटलं, निवृत्त झाल्यापासून सतत.

शुक्रवार, १३ मार्च

नीट लिहायला हवं.

सकाळी साडेनऊ-दहाचा सुमार. वि. दाढी करत होते, चेहऱ्याला फेस. फोन वाजला, मी उचलला, बेसिनवर ठेवून स्पीकर लावला. तोंडाला फेस असलेला माणूस कुठे पळणार. कान कमी झाल्यापासून ते स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. मी कोथिंबीर निवडायला बसले. जिंकल्यासारखं वाटत होतं.

नाव, जन्मतारीख, उंची, वजन. बीपी कधीपासून, गोळी कोणती. सरळ उत्तरं. मग पूजा म्हणाली, "सर, मागच्या वर्षभरात छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर, असं काही?"

"तसं काही नाही."

"तसं म्हणजे कसं, सर? मला हो किंवा नाही टिक करायचंय. कॉल रेकॉर्ड होतोय. उद्या तिकडे काही झालं आणि आधीचं निघालं तर क्लेम मिळणार नाही. मॅडमना त्रास होईल सगळा."

नळ बंद झाल्याचा आवाज.

"चालताना होतं," वि. म्हणाले. "चढ असला की. थांबलं की जातं."

"कुठे होतं, सर?"

"छातीच्या मध्ये. मग डाव्या हातात उतरतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"काही औषध?"

"जिभेखाली ठेवायची गोळी घेतो. मित्र देतो."

"मित्र डॉक्टर आहेत का?"

"नाही. त्याला डॉक्टरने दिलीय. तो मला देतो."

मुलगी एकदम वेगळ्या आवाजात, "काका, तुम्ही आधी दाखवा ना कुणाला तरी. विम्याचं नंतर बघू."

सर गेले आणि काका आले. एका परक्या मुलीला माझ्याआधी कळलं.

मी उठून मोरीच्या दारात गेले. अर्ध्या चेहऱ्यावर फेस, अर्धा मोकळा. मी म्हणाले, "अरे, मला का नाही सांगितलंस?"

अरे. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. दोघांनाही ऐकू आलं.

म्हणाले, "तू तिकिटं काढूच दिली नसतीस."

शनिवार, १४ मार्च

बोलणं बंद आहे. माझ्याकडून.

ओवा. दर रविवारी मी तव्यावर ओवा भाजते आणि यांच्या डबीत भरते. जेवल्यावर चिमूटभर, फिरून आल्यावर चिमूटभर. छातीत काही झालं की यांच्या घरी ते गॅसच. सासरे देवळ्याला कांद्याच्या लिलावात उभ्या उभ्या गेले, तेव्हाही थोरले दीर म्हणाले होते, "काय नाय, गॅस हाय, सोडा द्या." सोडा आणेपर्यंत संपलं. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, घरातला शब्द बदलला नाही. आणि ओवा मी भाजत होते.

डबी आज रिकामी आहे. रिकामीच राहणार.

आणखी एक. नवरात्रात वणीला गेलो होतो, गडावर. यांनी पायऱ्या नको म्हणून ट्रॉलीचं तिकीट काढलं. मी म्हटलं, "देवीला लाज वाटेल." हसले. नवरात्र दिवाळीच्या आधी येतं. म्हणजे दिवाळीपासून हेही खरं नव्हे.

विचारलं नाही. बोलणं बंद आहे.

रविवार, १५ मार्च

सकाळी यांच्याबरोबर जॉगिंग ट्रॅकवर गेले. न सांगता चपला घातल्या आणि निघाले. तिथे यांचा कंपू. मला पाहून सगळे एकदम सूर्यनमस्काराला लागले.

कडुनिंबाखाली बाक आहे. सगळे पुढे गेले तरी वि. तिथे थांबले, आणि कुणीही मागे वळून विचारलं नाही, का थांबलात. म्हणजे रोजचं आहे. बाकाची एक बाजू गुळगुळीत झालीय म्हटलं तरी चालेल.

गोळीवाले मित्र म्हणजे देवरे. आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. मी त्यांना गाठलं.

"भाऊजी, गोळ्या तुम्ही देता?"

"वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मग मला पाहून घाम का फुटला?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, हिला एकदा दरी पाहून येऊ दे, मग मी दाखवतो सगळ्या डॉक्टरांना." मग खिशातून पाकीट काढून दाखवलं, सुपारी दाखवावी तसं. "आम्ही इथे सगळेच ठेवतो वहिनी. कुणाला लागली तर."

सुशिक्षित लोक. एक बँकेतून निवृत्त, एक कॉलेजात शिकवायचे, आमचे वीज मंडळाचे. एकमेकांच्या छातीवर एकमेकांची औषधं. मी म्हटलं, "उद्यापासून चष्मेही अदलाबदल करा."

कुणी हसलं नाही. चांगलं झालं.

तर हा हिशेब होता. कार्ड काही विचारत नाही, म्हणून कार्ड. मला पुरवणी म्हणून वेगळा विमा काढून देणार, स्वतः त्या वगळलेल्या ओळीत बसून विमानाने जाणार, आणि तिथे त्या दरीत, माझ्या त्या यू आकाराच्या दरीत, चढावर... मु.च्या गाडीपासून कितीतरी लांब. मग मी त्या कुठल्या मदत क्रमांकाला फोन करणार होते, आणि बासरी ऐकत थांबणार होते?

याला प्रेम म्हणायचं असेल तर मला नको. मला खबर हवी होती.

सोमवार, १६ मार्च

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई. मी शेजारी बसले, तोंड बंद ठेवून. अवघड गेलं.

"कधीपासून होतंय?"

वि.: "गणपतीत पहिल्यांदा झालं. आरास करताना, माळ्यावरून मखर काढताना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डॉक्टरांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

ईसीजी काढला. बाईंनी कागद दोनदा वर-खाली पाहिला आणि देवरेंच्या गोळीबद्दल जे बोलल्या ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. बुधवारची वेळ.

घरी येताना रिक्षात विचारलं, "मला दिवाळी, बाईंना गणपती?"

"तुला कुठे सांगितलं? त्या विम्याच्या मुलीला सांगितलं दिवाळी."

हे तर्कशुद्ध आहे. म्हणूनच अंगावर आलं.

बुधवार, १८ मार्च

हृदयाचे डॉक्टर तरुण, मु.पेक्षा लहान असतील. घाईत नव्हते, हे बरं. हात टेबलावर ठेवून बसले.

"काका, पहिल्यांदा कधी जाणवलं? नीट आठवून सांगा."

"मागच्या उन्हाळ्यात. आंब्याची पेटी वर नेताना. लिफ्ट बंद होती."

उन्हाळा. त्या पेटीतले आंबे मी खाल्ले आहेत. यांनी पेटी ठेवली, पंख्याखाली बसले, आणि मी म्हटलं, "एवढ्याशा पेटीने दमलात?" वाक्य जसंच्या तसं आठवतंय. त्यांनाही आठवत असणार. काही बोलले नाहीत तेव्हा, आजही नाहीत.

शनिवारी अँजिओग्राफी. ब्लॉक असला तर त्याच वेळी स्टेंट, नाहीतर बायपास. मी विचारलं, मेमध्ये प्रवास? डॉक्टर म्हणाले, "आधी आत पाहू द्या." कुठल्याही कार्डापेक्षा सरळ उत्तर.

एक लक्षात आलं. प्रत्येक नव्या माणसाला हे थोडं जास्त खरं सांगतात. परका जितका परका, तितकी तारीख मागे जाते. मी घरातली, मला अजून काहीच सांगितलेलं नाही. जे कळलं ते सगळं शेजारी बसून.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढी उभारायला स्टुलावर मी चढले. वि. खालून काठी धरून. "सांभाळून," म्हणाले. मी वरून पाहिलं फक्त.

मु.ला काल सांगितलं. आधी रडली, मग बाबांवर ओरडली, मग म्हणाली, "तुम्ही नका येऊ, मीच येते." वि. तिला: "तिकिटं रद्द करू नका कुणी. तुझी आई येणार." जणू मी पार्सल आहे, पत्ता लिहून पाठवायचं.

"एकटी? आणि तुम्ही?"

"मी नंतर."

पुढच्या वर्षी, म्हणजे.

श्रीखंड त्यांना चमचाभरच दिलं. आणखी मागितलं नाही. त्याने जास्त भीती वाटली.

शनिवार, २१ मार्च

हॉस्पिटलात लिहितेय. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टीव्ही, आवाज बंद. देवरे सकाळीच येऊन बसलेत, दोन खुर्च्या सोडून. माझ्या शेजारी बसायची हिंमत नाही. थर्मासमध्ये चहा आणलाय, तो मात्र मधल्या खुर्चीवर ठेवलाय. घेतला मी.

आत न्यायच्या आधी वि.ना हिरवा झगा घातला. अंगठी, घड्याळ, चष्मा माझ्या हातात. चष्म्याशिवाय ते माझ्याकडे, मी नीट दिसत नसल्यासारखे पाहतात, त्याची मला सवय नाही.

म्हणाले, "त्या पोरीला सांग, माझा अर्ज काढून टाक. तुझा राहू दे."

मी म्हटलं, "तू गप्प राहा."

पुन्हा अरे-तुरे. तोंडात बसलं बहुतेक. हसले.

मग नर्स आली, हातात पाटी. "काका, काही ॲलर्जी? शेवटचं कधी खाल्लंत? आणि हा त्रास पहिल्यांदा कधी झाला?"

वि.नी एकदा माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. नर्सने पडदा ओढला.

उत्तर ऐकू आलं नाही. पडदा कापडाचाच होता, मी कान लावला असता तर आलं असतं. सिस्टर ॲग्नेसनी दुसऱ्याचं ऐकू नये असं शिकवलंय. आयुष्यात एकदा ते शिकवलेलं विसरायला हवं होतं, आणि तेव्हाच आठवलं.

बराच वेळ झाला. दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाचं नाव.

आत्ता पूजाचा फोन येऊन गेला. आवाज दबका. "काकू, काकांनी दाखवलं का?"

दाखवलं म्हटलं.

"त्यांचा अर्ज थांबवून ठेवलाय मी. बंद करू की राहू दे?"

"राहू दे."

"बरं. एकच सांगा काकू, नोंद नीट करावी लागेल. ते दिवाळीपासून म्हणाले होते. तेच ठेवू? त्रास नक्की कधीपासूनचा लिहू?"

देवरे माझ्याकडे पाहत होते. दिवाळी, गणपती, आंब्याची पेटी, आणि पडद्यामागे जे काय असेल ते. मी दाराकडे पाहिलं.

"आत गेलेत," मी म्हटलं. "बाहेर आले की विचारून सांगते."